खांबाजवळची जागा आणि सन २०९१

“हे कुणाला खरं वाटायचं न्हाई,” महाबळेश्वरअण्णा म्हणाले, तेव्हा शिवानंदच्या हॉटेलात बसलेल्या सगळ्यांनी लगेच मान डोलावली. अण्णांच्या बाबतीत ही अट गोष्ट सुरू होण्याआधीच मंजूर असे.

हॉटेल म्हणजे कुंभारवाड्याच्या रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड, दोन बाकं, आत चूल आणि मधोमध किंदळाच्या लाकडाचा एक जाडजूड खांब. बस दिवसातून दोनदा येते असं वेळापत्रक म्हणतं. बसचं स्वतःचं मत वेगळं आहे. त्यामुळे माणसं वाट बघत बसतात, आणि बसलेल्या माणसांना कुणीतरी काहीतरी सांगावं लागतं. जो सांगतो तो खांबाला पाठ टेकून बसतो. त्याला चहा पहिला मिळतो, आणि त्याचा कप रिकामा होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही असा रिवाज आहे. अण्णांना एक कप चहा पाऊण तास पुरत असे. शेवटचा घोट ते थंड करून, गोष्टीचा शेवट होईपर्यंत, ठेव ठेवल्यासारखा राखत.

अण्णा वनखात्यात वॉचर होते. एकतीस वर्षं कुळगीच्या बाजूचं रान त्यांनी राखलं, आणि निवृत्त झाल्यावर दोन गोष्टींवर खांबाजवळची जागा राखली. पहिली गोष्ट अस्वलाची. दिग्गीच्या वाटेवर अस्वलाच्या नाकाखालून ते असे गेले, की अस्वलाला पत्ता लागला नाही. उलट त्याने जांभई दिली तेव्हा अण्णांनी त्याचे दात मोजून घेतले. हे दात पहिल्या वर्षी बत्तीस होते. गेल्या शिमग्यापर्यंत चव्वेचाळीस झाले होते, आणि अस्वलाचं वय बघता ते वाढणं साहजिकच म्हणायचं. दुसरी गोष्ट अशी, की एकतीस वर्षांत अण्णांच्या राखणीतून एक सुकी काटकीसुद्धा चोरून बाहेर गेली नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग गुरुदास आले.

गुरुदास मूळचे खानापूरकडचे. रामनगरला त्यांचं किराणा दुकान. ते मुलाच्या हाती देऊन बायकोच्या गावी, म्हणजे आमच्या इथे, हवापालटाला आले आणि राहिले. माणूस सरळ, पण त्यांना खरं बोलण्याची वाईट खोड. गोष्ट सांगायला लागले की तारीख सांगत, वार सांगत, साक्षीदाराचं नाव सांगत, आणि कधीकधी साक्षीदारालाच फोन लावून देत. ऐकणारे पेंगत, पण नाही कोण म्हणणार? हळूहळू ते खांबाच्या बाजूला सरकू लागले. आधी अर्धी पाठ टेकली, मग पाऊण.

अशात तुळशीच्या लग्नाला अण्णांची लेक सुनयना बेळगावहून आली. तिथे ती कसल्याशा कंपनीत नोकरीला आहे. येताना जुना लॅपटॉप घेऊन आली आणि दोन दिवस ओसरीवर बसून एक खेळ खेळली. अण्णा मागून बघत होते.

खेळ सन २०९१ मधला. शहर अर्धं समुद्रात बुडालेलं, उरलेल्या अर्ध्यावर एकाच कंपनीची सत्ता. त्या कंपनीचा एक उंच मनोरा. आपला माणूस जुना शिपाई, एक हात लोखंडाचा. त्याने मनोऱ्याच्या टोकाला जाऊन एक बंद पेटी आणायची. वाटेत पहारेकरी, काही माणसं, काही यंत्रमानव. बंदूक आहे, पाहिजे तर गोळ्या झाडा. नाहीतर चोरपावलांनी निघून जा. खेळता खेळता माणसाला गुण मिळतात, ते वाटून त्याला पाहिजे तसा घडवायचा. आणि शेवटी यंत्र हिशेब दाखवतं: कितीदा दिसला, किती गोळ्या उडाल्या, किती शिट्ट्या मारल्या. सगळीकडे शून्य आलं तर पदवी मिळते. सुनयनेने तिचं मराठी केलं, ‘सावली’.

“ही कसली चोरपावलं!” अण्णा म्हणाले. “आमी अस्वलाला फसीवलं, हे तर डबडं हाय.”

“मग खेळा की बाबा,” सुनयना म्हणाली. लॅपटॉप संक्रांतीपर्यंत तिथेच ठेवला, आणि कुठली कळ दाबल्यावर काय होतं ते वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ती बेळगावला गेली.

अण्णांनी हे गप्प ठेवलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण दुसऱ्याच दिवशी ते हॉटेलात म्हणाले, की असा खेळ आपण डोळे मिटून करू. गुरुदासांनी चष्मा पुसला.

“अण्णा, तुमचं अस्वल आता मेलं असंल. त्याची साक्ष कोण देणार? पण ह्ये यंत्र मोजतं. संक्रांतीपतोर सावली होऊन दाखवा. झालात तर ही जागा जन्मभर तुमची, मी अस्वलही मान्य करतो, सगळ्या दातांसकट. न्हाई झालात तर मी हितं बसणार, आणि तुम्ही तिकडं चुलीच्या धुरात बसून माझं ऐकायचं.”

गुरुदासांचं जन्मभर ऐकणं! अण्णांच्या अंगावर काटा आला. पण सगळे बघत होते. “व्हय,” ते म्हणाले. निकाल लागेपर्यंत शिवानंदने खांबाजवळ बिस्किटांची बरणी ठेवून दिली. बरणी काही बोलत नसे, पण चार दिवसांत लोकांना तिची सवय झाली, आणि हेच अण्णांना जास्त लागलं.

आता इथे रानातला एक नियम सांगायला हवा. आमच्याकडे रानात कुणी गप्प चालत नाही. वळण आलं की खाकरायचं, काठी आपटायची, नाहीतर एक लांब शीळ घालायची. अस्वल असो, गवा असो, त्याला आधी कळवायचं की बाबा, येतोय, बाजूला हो. न कळवता वळणावर जाणारा माणूस एकतर परगावचा असतो नाहीतर दवाखान्यात असतो. अण्णांनी तर एकतीस वर्षं पगार घेऊन काठी आपटली होती. हाताला वळणच तसं.

त्या शिपायाला शीळ घालायची कळ होती. पहारेकऱ्याला चकवायला असते म्हणे. अण्णांनी प्रत्येक दार उघडण्याआधी ती दाबली.

पहिल्या दिवशी ते एकवीस वेळा मेले.

पाठीमागे त्यांची बायको केशर सुपात तांदूळ निवडत बसलेली. ती एवढंच म्हणाली, “आवो, जेवायला येताय, का आजून मरायचं हाय?”

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही; मोबाइलला रेंज नसली तरी तोंडाला असते. सकाळी दूध आणायला गेलं तर, “अण्णा, काल कितीदा?” बसचा कंडक्टर खिडकीतून, “अण्णा, जिवंत काय?” एकतीस वर्षं खाकी घातलेल्या माणसाला हे विचारणं बरं दिसतं का? अण्णांनी फक्त दूध घरी पोचवायला सांगितलं.

मग शेजारचा म्हादू आला. म्हादूची शेती लहान आणि सल्ला मोठा. तो लॅपटॉपभोवती एक फेरी मारून म्हणाला, “अण्णा, परक्याच्या रानात शिरताय आणि राखणदाराला नारळ दिला काय?”

हे मात्र अण्णांना पटलं. कुठल्याही रानात पाऊल टाकण्याआधी तिथल्या राखणदार देवाला मान द्यायचाच. सन २०९१ मध्ये राखणदार उठून गेला असेल असं मानायला काही आधार नव्हता. त्यांनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळ चांगला पाण्याचा निघाला. पाणी कळांच्या फटीत गेलं, आणि वाकून चालायची कळ फुगून बसली ती बसलीच. सगळ्या मनोऱ्यात त्यांचा शिपाई तेवढा ताठ मानेने चालू लागला.

“बाणेदार दिसतो,” म्हादू म्हणाला, आणि शेतात काम आहे म्हणून निघून गेला.

केशरने लॅपटॉप उलटा करून चुलीवरच्या माळ्यावर, मुरगलाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांशेजारी, दोन दिवस वाळत घातला. तिसऱ्या दिवशी कळ सुटली. पण तेव्हापासून तो चालू केला की आंबूस धुराचा वास येई, आणि २०९१ सालचं ते शहर अण्णांना जरा घरच्यासारखं वाटू लागलं.

पुढे गुण वाटायची वेळ आली. बळ, नेम, यंत्रविद्या, बोलणी आणि पावलं, असे पाच रकाने.

“पावलांत घाला सगळे,” मागून केशर म्हणाली. ती आता कणगीचे कंद सोलत होती.

“तुला काय कळतं त्यातलं?” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सगळेच्या सगळे गुण बोलण्यात घातले. त्यांचा हिशेब सरळ होता. जन्मात जे काही मिळवलं ते बोलून मिळवलं. आता शिपाई एवढा गोड बोलू लागला की माणूस पहारेकरी हसून वाट सोडे. अण्णा त्याच्याशी घटकाभर बोलत, घरदार विचारत. पण बोलत थांबलेल्याला मागून येणारा यंत्रमानव बघे, आणि यंत्रमानवाला घरदार नसतं.

दुसरी अडचण ओझ्याची. खेळात वाटेवर वस्तू पडलेल्या असतात. सुनयनेने लिहून ठेवलं होतं, ‘लागेल तेच उचला.’ पण रानात पडलेली वस्तू न उचलता पुढे जाणारा माणूस आमच्या तालुक्यात जन्माला यायचा आहे. अण्णांच्या शिपायाने चाळीस रिकाम्या बाटल्या, नऊ हातोडे आणि कुणाचीशी कुंडी उचलली. त्या भाराने त्याची पावलं तीन मजल्यांवर ऐकू जात.

“भारा आधी खाली ठिवावा,” केशर कणगीकडे बघतच म्हणाली. “वाट मोकळी झाली की मग उचलावा.”

“आता तू शिकीव मला! एकतीस वर्षं…”

“मी काय म्हणाले व्हय?” म्हणून केशर सोललेल्या कणगी घेऊन आत गेली.

असं करत, मरत मरत, अण्णा पौषात शेवटच्या मजल्यापर्यंत आले. आणि तिथे खेळ थांबला. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. फोनवर सुनयना म्हणाली, “इंटरनेट लागेल बाबा, काहीतरी उतरवून घ्यायला पाहिजे.”

इंटरनेट पंचायतीच्या वाचनालयात होतं. तिथे रक्षिता नावाची हुशार मुलगी बसते. तिने कानडी अर्ज पुढे केला. “कारण लिहा अण्णा. शिक्षण, शेती, सरकारी योजना. यातलं एकच.”

“मनोरा लिव्ह.”

“तसा रकाना न्हाई.”

“मग योजना लिव्ह.”

“कुठल्या सालची?”

“सन दोन हजार एक्याण्णवची.”

रक्षिताने पेन खाली ठेवलं. बराच विचार करून तिने ‘शेती’ लिहिलं. शेती म्हटलं की जमिनीचा उतारा आला. उताऱ्यावर नाव अजून अण्णांच्या वडिलांचं. ते जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे सहीला येणं अवघड. मग पंचायतीच्या अधिकाऱ्यांचं पत्र लागेल असं ठरलं. अधिकारी जोयड्याला बैठकीला गेलेले. अण्णा तीन दिवस लॅपटॉप बगलेत मारून हेलपाटे घालत होते. चौथ्या दिवशी अधिकारी भेटले, माणूस भला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“दोन हजार एक्याण्णव साली कुंभारवाड्याला बस किती असतात?” त्यांनी विचारलं.

“तिथपतोर आजून गेलो न्हाई साहेब.”

“बघून सांगा,” असं म्हणून त्यांनी सही केली.

जे उतरवायचं ते दीड दिवस उतरत होतं. तोवर संक्रांत चार दिवसांवर आली. शेवटचा मजला उघडला. अण्णा पहिल्या दिवशी अकरा वेळा मेले, दुसऱ्या दिवशी सतरा. बोटं दाराशी गेली की आपोआप शीळ वाजे. त्या दिवशी ते न जेवता उठले आणि ओसरीच्या कोपऱ्यात, धूर नसतानाही चुलीच्या धुरात बसल्यासारखे, बसून राहिले. कानात गुरुदासांचा आवाज येत होता. तारखांसकट.

त्यानंतर काय झालं ते अण्णांच्याच तोंडून ऐकलेलं बरं, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं असं त्यांचं म्हणणं आहे.

तर, संक्रांतीच्या आदल्या दिवशी अण्णा हॉटेलात आले ते धुतलेला सदरा घालून. बिस्किटांची बरणी स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवली. खांबाला पाठ टेकली. खिशातून घडी केलेला कागद काढून मांडीखाली दाबला आणि काय म्हणाले, ते अगदी सुरुवातीला सांगितलंच आहे. शिवानंदने चहा दिला. त्याची बायको तारा आत भजी तळत होती.

“काल दुपारची गोष्ट. जेवून उठलो. म्हटलं, आज एक तर सावली, न्हाई तर…” अण्णांनी एक घोट घेतला. “शेवटला मजला. चार यंत्रमानव. डोळे असे, निखाऱ्यावानी! घिरट्या घालताहेत. दुसरा असता तर बंदूक काढली असती. मी काय केलं? पयल्यांदा भारा खाली ठिवला. बाटल्या, हातोडे, कुंडी, सगळं. आणि बसलो दबून.”

“बसला?” म्हादूला राहवलं नाही. शिवानंदने त्याला डोळ्याने दटावलं. कप भरलेला होता.

“बसलो! नुसता कान दिला. यंत्रमानव चालला की त्येचा आवाज येतो, ठक ठक. आवाज मोठा झाला की हलायचं न्हाई. आवाज बारका होत गेला की समजायचं, वळणापलीकडं गेला. मग उठायचं. ज्येचा आवाज येतो त्येचं भ्या कशाला? तोच सांगतोय की मी हितं हाय म्हणून!”

आतलं तेल तडतडत होतं, ते जरा शांत झालं. ताराने बहुतेक घाणा उतरवला असावा.

“मग वाट. सगळे मरतात ते खालच्या बाजूनं जातात म्हणून. मी वरच्या अंगानं गेलो. का? पहारेकरी उताराकडं बघतो. चढाकडं बघायला मान वर करावी लागती, आणि दिवसभर राखण करणारा मान वर करीत न्हाई. हे शास्त्र हाय. आणि शेवटला यंत्रमानव, दाराशीच. न हलणारा. त्येच्यावर काय इलाज?”

कुणी बोललं नाही. कप अर्धा होता.

“इलाज एकच. थांबायचं. कुणीबी असू दे, पोटाला लागतंच. यंत्रमानव झाला म्हणून काय झालं? दुपार झाली की तोबी जाऊन भिताडाला चिकटतो, चार्जिंग घेतो. एकदा चिकटला की त्येला जगाची शुद्ध न्हाई. तेवढ्यात भारा उचलला, आणि त्येच्या पायापासनं दोन हातांवरनं निघून गेलो. पेटी माझ्या हातात!”

त्यांनी मांडीखालचा कागद काढून गुरुदासांपुढे धरला. वाचनालयात छापून घेतलेला होता. खाली रक्षिताने नियमाप्रमाणे ‘शेती’ असा शिक्काही मारला होता. गुरुदासांनी चष्मा लावला. कागद उजेडाला धरला, उलटा करून बघितला, परत सुलटा केला.

“दिसला, शून्य,” ते हळूहळू वाचू लागले. “गोळ्या, शून्य. शिट्ट्या…” ते थांबले. “शिट्ट्या शून्य?”

“शून्य,” अण्णा म्हणाले आणि नजर पत्र्याकडे नेली.

बाहेर बसचा हॉर्न वाजला, पण कुणी उठलं नाही. गुरुदास मनाने मोडले होते, पण माणूस खरेपणाचा. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, अण्णांच्या हातात दिली आणि बाकावरून उठून उभे राहिले. “अण्णा, कागद खोटं बोलत न्हाई. जागा तुमची. आणि त्या अस्वलाचं…”

“चव्वेचाळीस,” अण्णा म्हणाले.

“चव्वेचाळीस. मान्य.”

आता एवढ्यावर अण्णांनी चहा तसाच ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पण विजय झाला की माणसाचा हात सैल होतो. त्यांनी राखून ठेवलेला शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. रिकामा.

तारा आतून बाहेर आली. हातात झारा, कपाळावर घाम. तिने आधी कपात डोकावून बघितलं, रिवाज म्हणजे रिवाज. मग म्हणाली, “भावजी, ह्ये काल दुपारी जेवल्यावर झालं म्हणता?”

“व्हय. जेवल्यावर.”

“जेवल्यावर तुम्ही झोपता.”

“काल न्हाई झोपलो.”

“एकतीस वर्षं झोपत आलाय. कुळगीच्या रानात, वरच्या पाणवठ्याजवळ, त्या वाकड्या जांभळीखाली, टोपी तोंडावर घेऊन. तोवर तुमची काठी ठक ठक वाजत फिरायची. ती लांब गेली की आम्ही कारवीच्या झुडपांतनं उठायचो. आणि ती एका जागी गप्प झाली, की भारा डोसक्यावर घ्यायचो, चढाच्या अंगानं यायचो आणि तुमच्या पायापासनं दोन हातांवरनं निघून जायचो. मी मागं असायची.”

 गुरुदास उभे होते ते परत बसले, आणि खिशातून पेन काढून तारीख लिहू लागले.

“मागं?” अण्णांची पाठ खांबावरून सुटली. “आणि म्होरं कोण?”

“ते मला इचारता? ती पेटी जिनं आणली तिलाच इचारा की घरी जाऊन,” तारा म्हणाली. “का भावजी, तुम्हाला कधी वाटलंच न्हाई? रानातनं काटकी बाहेर गेली न्हाई म्हणता, मग वॉचराच्या घरची चूल एकतीस वर्षं काय वाऱ्यावर पेटत हुती?”